रूपकाला आधी कामाला लावा

लघुपट करायचा ठरलं की पहिल्या बैठकीत सुचणाऱ्या वस्तू ठरलेल्या असतात. तडा गेलेला आरसा, पिंजऱ्यातला पोपट, विझत चाललेली पणती, अर्धा काळा अर्धा पांढरा मुखवटा. मुलगी आरशात बघते, आरसा फुटतो, पडद्यावर अक्षरं उमटतात, 'मी कोण?' आणि मागे बासरी. नांदेडकडचं हिमायतनगर घ्या, हदगाव घ्या, भोकर घ्या, कॉलेजच्या पोरांनी मोबाइलवर केलेले असे लघुपट बघताना वाटतं, या पोरांच्या गावात आरशाशिवाय दुसरी वस्तूच नाही की काय.

हा लेख अशा पोरापोरींसाठी आहे, ज्यांना ओळख, नाती, समाज अशा मोठ्या विषयांवर थोडा वेगळा, प्रायोगिक लघुपट करायचा आहे आणि हातात एक मोबाइल, दोन मित्र आणि दिवाळीची सुट्टी एवढंच आहे. तेवढं पुरतं. माझं सांगणं एकच आहे: रूपक म्हणून जी वस्तू घ्याल, तिला आधी गोष्टीत तिचं रोजचं काम करू द्या. ती वस्तू खरोखर वापरली गेली, कुणाच्या तरी पोटापाण्याशी, मानापानाशी जोडली गेली, की अर्थ मागून येतो. अर्थ आधी ठरवून मागाहून चिकटवलेली वस्तू तिसऱ्या मिनिटाला उघडी पडते.

नागराज मंजुळे यांचा 'पावसाचा निबंध' पाहिला नसेल तर आधी तो पाहा. २०१७ सालच्या कामासाठीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्यांना कथाबाह्य विभागातला दिग्दर्शनाचा पुरस्कार याच लघुपटासाठी मिळाला. शाळेत मुलाला पावसावर निबंध लिहायला सांगितलाय, आणि घरी तोच पाऊस छपरातून गळतोय. एवढंच. पाऊस म्हणजे दारिद्र्य किंवा पाऊस म्हणजे व्यवस्था असं कुणी म्हणत नाही. पाऊस पडतो, भिजवतो, धावपळ करायला लावतो. पुस्तकातला पाऊस आणि घरातला पाऊस यांतलं अंतर प्रेक्षक स्वतः मोजतो.

दुसरा, राज प्रीतम मोरे यांचा 'खिसा'. पदार्पणाच्या कथाबाह्य चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. कैलास वाघमारे यांचं लेखन. खेड्यातला एक मुलगा शाळेच्या शर्टाला भलामोठा खिसा शिवून घेतो. त्यात नाणी, गोट्या, फुलांच्या पाकळ्या आणि बरोबर त्याची ऐट. गावातल्या मोठ्या माणसांच्या डोळ्यांत तो खिसा खुपायला लागतो. आता बघा, खिसा ही किती साधी वस्तू! पण मुलाची ओळख, त्याचं स्वतःचं म्हणून जे काही जग आहे ते, आणि त्या जगावर गावाची असलेली नजर, हे सगळं त्या कापडाच्या तुकड्यात मावलं. कारण खिसा आधी खिसा आहे. त्यात गोट्या वाजतात.

मग तुमच्या गावातला खिसा कोणता? त्यासाठी घरात बसून विचार करू नका, बाहेर पडा. हिमायतनगर तसं छोटं, पण वस्तूंची वाण नाही. मुदखेड-आदिलाबाद रेल्वेमार्गावरचं स्टेशन आहे. परमेश्वर मंदिर आहे, त्याची महाशिवरात्रीची यात्रा आहे. जुनी माणसं अजून गावाला वाढोणा म्हणतात आणि स्टेशनच्या पाटीवर हिमायतनगर लिहिलेलं असतं, म्हणजे एकाच गावाची दोन नावं दोन पिढ्यांच्या तोंडी. उत्तरेला पैनगंगा, पलीकडे यवतमाळ जिल्हा. बाजारात मराठीबरोबर तेलुगू, दखनी उर्दू आणि तांड्यावरची गोरमाटी कानावर पडते. सोयाबीन, कापूस, तूर, हळद. यातल्या प्रत्येक गोष्टीला हात लावून तीन प्रश्न विचारा. ही वस्तू रोज काय काम करते? ती कुणाला मिळते आणि कुणाला नाही? आणि ती बिघडली की कुणाचं अडतं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर जिथे ठसठशीत मिळेल, तिथे लघुपट आहे.

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊन दाखवतो. वापरायचं असेल तर खुशाल वापरा.

रेशन दुकानातली ई-पॉस मशीन. तिच्यावर अंगठा ठेवला, ठसा जुळला, की धान्य मिळतं. आता जन्मभर खुरपं धरलेल्या, भांडी घासलेल्या, शेणामातीत काम केलेल्या म्हातारीच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात. मशीन अंगठा घेत नाही. 'माय, बोट पूस की जरा.' म्हातारी पदराला बोट पुसते. पुन्हा नाही. 'कित्तीदा पुसू बा आता?' मागे रांग वाढते. सगळं गाव तिला ओळखतं, दुकानदार तिला लहानपणापासून 'माय' म्हणतो, आणि मशीन तिला ओळखत नाही. ओळख या विषयावर याहून थेट प्रसंग मला तरी माहीत नाही. आणि तो कल्पनेतला नाही, कुठल्याही रेशन दुकानात अर्धा तास उभं राहिलात तर डोळ्यांनी दिसेल.

इथेच थांबलात तर तो बातमीचा तुकडा झाला. आता वस्तूला घरी घेऊन जा. कार्डावर नाव असलेल्या घरातल्या दुसऱ्या माणसाचाही अंगठा चालतो. म्हणजे सुनेचा चालतो. कालपर्यंत ज्या सुनेला म्हातारीने दुधाची साय मोजून दिली, तिच्या अंगठ्यावर आता घराचं धान्य आहे. सून माहेरी गेली की रेशन अडतं. नातं बदललं, आणि त्यासाठी सासू-सुनेचं एकही भांडण लिहावं लागलं नाही. फक्त दुकानाच्या पायरीवर कोण पुढे चालतं आणि कोण मागे, हे दाखवा. पहिल्यांदा सासू पुढे. शेवटी सून पुढे, हातात पिशवी, आणि सासू मागून. संवादाची गरज नाही.

आता तिसरा टप्पा. तोच अंगठा दुसरीकडे कुठे उमटतो? भाकरी थापताना पिठावर बोटं उमटतात. भिंत सारवताना ओल्या शेणमातीवर तळहात फिरतो. पोळ्याला बैलाच्या अंगावर रंगात बुडवलेले हाताचे पंजे उठवतात. मशीन सोडून सगळीकडे तिचा ठसा आहे. हे तीन-चार तुकडे मशीनच्या दृश्याच्या मधे मधे टाकले की समाजाबद्दलचं विधान झालं, आणि ते तुम्ही केलं नाही, पंज्याने केलं.

दोन धोके सांगून ठेवतो. पहिला ऋतूचा. पोळा श्रावणातल्या अमावस्येला. तेव्हा शिवारात सोयाबीनचं खुरपण-फवारणी चालू असते, कापूस वेचणी नसते. म्हातारीला पांढऱ्याशुभ्र कापसात वेचताना दाखवून पुढच्याच दृश्यात पोळा आणलात, तर पुण्या-मुंबईचा परीक्षक वाहवा करेल, पण तुमचा चुलता हसेल. चुलत्याचं हसणं जास्त खरं. कापूस हवाच असेल तर शूटिंगचे दोन टप्पे करा, श्रावणात एक आणि दिवाळीनंतर एक, आणि मधे काळ गेल्याचं दिसू द्या. दुसरा धोका शेवटाचा. बैलाच्या पाठीवरच्या पंज्यावर कॅमेरा हळूहळू नेऊन, आवाज बंद करून, काळा पडदा आणण्याचा मोह होईल. तो टाळा. पंजा मधेच येऊन जाऊ द्या आणि शेवटी दुकानच दाखवा, कारण पुढच्या महिन्यात तिला पुन्हा तिथेच जायचं आहे.

नात्यांवर करायचं असेल तर शेताचा बांध घ्या, असं मी सुचवेन. मराठवाड्यात भावाभावांची जितकी भांडणं बांधावरून झाली असतील तितकी क्वचित दुसऱ्या कशावरून. नॉर्मन मॅकलॅरेन या कॅनडातल्या माणसाने १९५२ साली 'नेबर्स' हा आठेक मिनिटांचा लघुपट केला. दोन शेजारी, मधे उगवलेलं एक फूल, ते कुणाच्या हद्दीत यावरून कुंपण, कुंपणावरून मारामारी, शेवटी दोघांचाही जीव जातो. ऑस्कर मिळालेला लघुपट आहे. त्याची गंमत म्हणजे माणसं खरी आहेत, पण त्यांना एकेका फोटोत थोडं थोडं हलवून चित्रण केलंय, त्यामुळे ती न चालता सरकतात, हवेत तरंगतात. मोबाइलच्या स्टँडवर, फोटो काढत काढत, हा प्रयोग तुम्हाला एका दुपारी करता येईल. दोन भाऊ बांधाच्या दोन बाजूंना उभे. दर फोटोला बांध बोटभर सरकतो. कोण सरकवतंय ते दिसत नाही.

प्रयोग म्हणजे काय, हा प्रश्न इथे येतो. कॅमेरा वाकडा धरणे, चित्र काळं-पांढरं करणे, सगळं मंद गतीत चालवणे, याला प्रयोग म्हणत असाल तर तो मोबाइलमधलं एक बटण दाबून होतो. खरा प्रयोग गोष्ट सांगायच्या एखाद्या सवयीला हात घालतो. पंढरपुरात जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांनी १९६७ साली फिल्म्स डिव्हिजनसाठी 'थ्रू द आइज ऑफ अ पेंटर' केला. त्यात निवेदन नाही, कथा नाही. राजस्थानातली माणसं, भिंती, आणि मधे मधे येणाऱ्या छत्री, बूट, कंदील अशा वस्तू. निवेदनाशिवाय माहितीपट ही कल्पनाच त्या काळी सरकारी संस्थेत पचायला जड होती. बर्लिनला त्याला लघुपटाचा सुवर्ण अस्वल पुरस्कार मिळाला. मोडलेली सवय एकच: निवेदकाचा भारदस्त आवाज काढून टाकला.

पायल कपाडिया यांनी वेगळी सवय मोडली. 'ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट'मुळे २०२४ साली कान महोत्सवात त्यांचं नाव झालं, पण त्याआधी २०१८ साली बर्लिनला त्यांचा 'अँड व्हॉट इज द समर सेइंग' दाखवला गेला होता. भीमाशंकरजवळच्या कोंडवळ गावातला, मराठी बोलणारा. त्यात बायका आपल्या प्रेमाच्या, हरवलेल्या माणसांच्या गोष्टी कुजबुजत सांगतात, पण बोलणाऱ्या बाया पडद्यावर दिसत नाहीत. दिसतं जंगल, गाव, दुपार. आवाज एकीकडे आणि चित्र दुसरीकडे. तालुक्याच्या गावात काम करणाऱ्याला हा फार मोठा धडा आहे. आपल्याकडे बाई कॅमेऱ्यासमोर बोलायला तयार होत नाही, घरचे नको म्हणतात, लोक काय म्हणतील हे असतंच. ती फक्त आवाज द्यायला तयार असेल तर आवाज घ्या. चेहरा नसल्याने लघुपट अडत नाही, उलट मोकळा होतो.

आणि जागेची अडचण असेल तर उमेश कुलकर्णी यांचा 'गारूड' शोधून बघा. लॉजची एकच खोली, आणि तिथे येऊन जाणारी निरनिराळी माणसं. खोली तीच, तिच्यातलं आयुष्य दर वेळी वेगळं. स्टेशनवरचं एकच बाकडं, एसटीतली एकच सीट, केशकर्तनालयातली एकच खुर्ची यांवर असं काही करता येईल.

आरशाबद्दल मी वर तिरकस बोललो, पण न्याय करायला हवा. माया डेरेन यांच्या १९४३ सालच्या 'मेशेस ऑफ द आफ्टरनून'मध्ये काळ्या झग्यातल्या आकृतीला चेहऱ्याच्या जागी आरसाच आहे. जगभरातल्या विद्यार्थ्यांचे आरसे बहुधा तिथूनच निघालेत. पण तिथे एक किल्ली आहे, ती घराचं दार उघडते, पुन्हा पुन्हा हाती येते, आणि एकदा तिची सुरी होते. आपण आरसा उचलला आणि किल्ली तिथेच सोडली. वस्तू लघुपटात किमान तीनदा यायला हवी आणि प्रत्येक वेळी तिची परिस्थिती बदललेली हवी, हे त्या किल्लीकडून शिका.

आता शूटिंगचं. इथे उपदेश कमी, सूचना जास्त.

मोबाइल विमान मोडवर टाका, नाहीतर भावनिक प्रसंगात मावशीचा फोन येतो. फोकस आणि प्रकाश लॉक करा, म्हणजे माणूस हलला की चित्र उजळ-काळं होणार नाही. ओपन कॅमेरा किंवा ब्लॅकमॅजिक कॅमेरा ही अ‍ॅप फुकट आहेत आणि त्यांत हे हाताने ठरवता येतं. कुठली सोय मिळेल हे मात्र फोनवर अवलंबून. आपल्याकडे वीज पन्नास हर्ट्झची आहे, त्यामुळे ट्यूबलाइट किंवा स्वस्तातल्या एलईडीखाली सेकंदाला तीस चित्रांवर शूट केलं तर पडद्यावर पट्टे सरकताना दिसू शकतात. सेकंदाला पंचवीस चित्रं आणि शटर एक छेद पन्नास ठेवा, पट्टे जातील. उन्हात उलट प्रश्न येतो, प्रकाश फार होतो. मराठवाड्यातल्या दुपारी बारा ते तीन चेहऱ्यावर शूट करूच नका, डोळ्यांच्या खाचा काळ्या दिसतात. हां, म्हातारीच्या झिजलेल्या बोटांचं चित्रण मात्र तिरप्या उन्हातच करा, सकाळी साडेसात-आठला. समोरून प्रकाश पडला तर बोट सपाट दिसतं. बाजूने पडला की उरलीसुरली प्रत्येक रेघ आणि भेग वर येते. हातात खुरपं धरलेलं असू द्या, म्हणजे हात 'ठेवलेला' दिसत नाही.

चित्र थोडं वाईट चालतं, आवाज वाईट चालत नाही. दुसरा मोबाइल बोलणाऱ्याच्या खिशात किंवा पदराआड ठेवून त्यावर आवाज रेकॉर्ड करा, सुरुवातीला एक टाळी वाजवा, संकलनात दोन्ही टाळ्या जुळवा. पंखा बंद. प्रत्येक जागेचा, कुणीही न बोलता, एक मिनिट आवाज वेगळा घ्या. गिरणीचा पट्टा, रेशन दुकानातल्या तराजूचा धातूचा खण्ण, मळणी यंत्र, दुरून येणाऱ्या नंदीग्राम एक्स्प्रेसचा भोंगा, हे सगळं तुमचं पार्श्वसंगीत आहे. इंटरनेटवरून उचललेली उदास पियानोची धून प्रत्येक दुसऱ्या लघुपटात असते, शिवाय हक्कांची कटकट होते. ई-पॉस मशीनची 'टूं' एवढीच तीनदा ऐकवलीत तरी चौथ्यांदा प्रेक्षक श्वास धरेल.

भाषा. पात्रांना टीव्ही मालिकेची मराठी बोलायला लावू नका. नांदेडकडचा माणूस 'काय करत आहेस?' असं घरात म्हणत नाही. 'काय करू लालास?' म्हणतो. तांड्यावरची आजी गोरमाटीत पुटपुटेल, दुकानदार दखनीत हिशेब करेल, तेही राहू द्या. खाली उपशीर्षकं देता येतात. नटांपेक्षा ज्यांचं रोजचं ते काम आहे अशी माणसं घ्या, आणि त्यांना संवाद पाठ करायला लावू नका. काम सांगा. 'भाकरी कर, आणि करता करता सून कधी येणार ते विचार.' हात कामात असले की तोंड खरं बोलतं.

संकलनात निर्दय व्हा. पडद्यावरचा सुविचार, शेवटचं भाषण, 'ही फक्त तिची कथा नाही' छाप निवेदन, सगळं काढा. संकलनासाठी दाविंची रिझॉल्व्ह फुकट मिळतं, पण त्याला ताकदीचा संगणक लागतो. साध्या लॅपटॉपवर केडेनलाइव्ह चालेल, मोबाइलवर व्हीएन आहे. कच्चा लघुपट झाला की तो गावातल्या तीन माणसांना दाखवा, त्यांतलं एक तरी साठीच्या पुढचं असू द्या. 'अर्थ कळला का?' असं विचारू नका, माणूस अवघडतो आणि तुम्हाला आवडेल ते सांगतो. 'काय झालं ते सांगा,' म्हणा. आजोबांनी 'म्हातारीचा अंगठा लागंना, मग सुनेला घेऊन गेली,' एवढं सांगितलं आणि मग आपणहून कुणाच्या तरी घरची तशीच हकिगत सुरू केली, तर रूपक लागलं असं समजा. त्यांनी घटनाच चुकीची सांगितली, तर परत संकलनाला बसा.

माणसांची परवानगी घ्या, तोंडी नको, एका कागदावर सही किंवा अंगठा. मूल असेल तर आईबापांची. रेशन कार्डाचा आणि आधारचा क्रमांक कॅमेऱ्यात दिसता कामा नये. खऱ्या दुकानात, खऱ्या वाटपाच्या दिवशी रांग अडवून शूटिंग करू नका. मशीन न दाखवता नुसता म्हातारीचा चेहरा आणि 'टूं' दाखवलं तरी भागतं. रेल्वेच्या हद्दीत आणि वनखात्याच्या जागेत परवानगीशिवाय कॅमेरा लावू नका. सहस्रकुंडला धबधब्याच्या कडेवर उभं राहून प्रयोग करायला तर अजिबात जाऊ नका.

दाखवायचं कुठे? पहिला खेळ ज्यांनी काम केलं त्यांच्यासाठी, त्यांच्याच अंगणात, पांढऱ्या चादरीवर. थिएटरात किंवा जाहीर कार्यक्रमात दाखवायचं तर १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखाली प्रमाणपत्राचा प्रश्न येतो. महोत्सवांची वाट वेगळी असते. मुंबईत १९९० पासून भरणारा, माहितीपट, लघुपट आणि अ‍ॅनिमेशनसाठीचा मिफ हा महोत्सव लक्षात ठेवा. गोव्याच्या इफ्फीत इंडियन पॅनोरमाचा कथाबाह्य विभाग असतो. छत्रपती संभाजीनगरचा अजिंठा-वेरूळ महोत्सव आपल्याला सगळ्यांत जवळचा. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठात माध्यमशास्त्राचं संकुल आहे, तिथल्या विद्यार्थ्यांशी आणि शिक्षकांशी ओळख करून घ्या. प्रत्येक ठिकाणच्या अटी आणि तारखा दर वर्षी बदलतात, त्यामुळे अर्ज भरण्याआधी त्या वर्षीची नियमावली नीट वाचा, आणि फी मागणाऱ्या, ऐकिवात नसलेल्या ऑनलाइन 'आंतरराष्ट्रीय' महोत्सवांच्या मागे पैसे घालू नका. शंभर जणांना शंभर प्रमाणपत्रं वाटणाऱ्या महोत्सवाचं प्रमाणपत्र भिंतीवर लावायच्या कामाचं, बाकी कशाच्या नाही.

पहिला लघुपट सात मिनिटांच्या आत ठेवा, एक वस्तू, दोन माणसं, दोन जागा. पटकथा लिहायच्या आधी या महिन्यात एकदा रेशन दुकानासमोर, गिरणीत किंवा बाजारात अर्धा तास मोबाइल खिशात ठेवून नुसते उभे राहा.